जागं राहण्याचा खर्च

महापेला तिसऱ्या मजल्यावर आमची एक खोली आहे,
भिंतींना आतून तांब्याची जाळी.
दार लावलं की बाहेरचा एकही टॉवर आत येत नाही.
तिथे मी फोन उपाशी ठेवते
आणि मोजते, किती तळमळतो.

रेंज नसलेला फोन फार खातो.
लोकांना वाटतं, नुसता पडलाय.
आलेखात बघा, दर काही सेकंदांनी एक सुळका:
हा बँड, तो बँड, पुन्हा पहिला,
कोणी आहे का, कोणी आहे का.
सकाळी शंभर टक्के, चहाच्या वेळेला काळाठिक्कर.

त्याला झोप शिकवायची, एवढंच माझं काम.
टॉवरशी आधी ठरवून घ्यायचं
की अमुक क्षणाला मी कान उघडीन,
हाक मारायची तर तेव्हा मार.
मधल्या वेळात फक्त घड्याळ चालू,
बाकी घर अंधारात.
आणि टॉवरच नसेल, तर
एकदा शोधायचं, थांबायचं,
मग दुप्पट थांबायचं,
मग त्याच्या दुप्पट.
कुरियन सर आलेखावर बोट ठेवतात:
अठरा मिलिअँपिअर. अजून उतरव.
मी उतरवते.

बायोडेटात लिहिलंय, हे कॉलेजात शिकले.
शिकले सारसोळ्याच्या खाडीत.
बाबा डोल लावून होडीत आडवे व्हायचे,
दोरीचा शेवट पायाच्या अंगठ्याला,
आणि पाणी फिरायच्या दोन मिनिटं आधी
कोणी हलवल्यासारखे उठून बसायचे.
मी टक्क जागी. मला हसायचे.
"रातभर डोले फारून बसलीस
म्हनून मावरा जास्त येतंय का गो?"

प्रणील जहाजावर गेला त्याला सात महिने झाले.
बंदर लागलं तर फोन, नाही तर नाही.
आईचा फोन मिक्सरशेजारच्या प्लगातून निघत नाही.
बॅटरी फुगलीय, मागचं झाकण उचललं गेलंय,
त्यावर तिने केसांचा रबर चढवलाय.
बोंबील साफ करताना मधेच हात पुसते,
करंगळीने काच उजळवते,
'शेवटचं पाहिलं' वाचते,
जे मंगळवारपासून तेच आहे.
पुन्हा बोंबील.

एकदा मी शहाणपणा केला.
म्हटलं, आई, वाजायचा तेव्हा वाजेल,
बाबा बघ कसे झोपतात.
तिने सुरी खाली ठेवली नाही.
"तुझ्या बापाला म्हाईत असतं पानी कवा फिरल.
मना कोन सांगतं?"

दुसऱ्या दिवशी तांब्याच्या खोलीत
मी बराच वेळ काहीच मोजलं नाही.
तिचं बरोबर होतं.
ठरलेलं असेल त्यालाच झोप परवडते.
मी प्रणीलला लिहिलं: एक वार दे, एक वेळ दे,
नाही जमलं तरी चालेल, पण दे.
अकरा दिवसांनी उत्तर आलं:
'बघतो. इकडे घड्याळच रोज बदलतंय.'
आईला वाचून दाखवलं.
तिने विचारलं, कुठलं घड्याळ?
आणि त्यावरच खूश झाली,
शेजारच्या भारतीकाकूला सांगून आली
की पोराला तिकडे घड्याळ बदलायला लागतं.

आता सहावर आलोय आम्ही.
सरांनी सगळ्यांना वडापाव दिला.

रात्री पावणेतीन.
स्वयंपाकघराच्या दाराखालून निळा उजेड,
एक सुळका, विझला.
मी पडल्या पडल्या मोजते, सवयच लागलीय.
चार मिनिटांनी पुन्हा.
मग सात.
मग तेरा.
मग बराच वेळ काहीच नाही,
नुसता फ्रिज,
आणि मीच उठून बघायला जाते.